आठ दिवसांचे तारे

३ मार्च

बारक्या,

अकरा वर्षांनी तुला पत्र लिहिते आहे म्हणजे मी मऊ पडले असं समजू नकोस. काम आहे म्हणून लिहिते. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, आणि या वयात रिसीव्हर कानाला लावून टूं-टूं ऐकत बसायची मला हौस नाही. पत्र तुझ्याआधी तुझी बायको फोडते हेही मला माहीत आहे. बरंच आहे. तिला कळेल असं पहिल्यापासून लिहिते, म्हणजे ‘ताई काय म्हणतात’ हे तुला सांगताना तिची पंचाईत व्हायला नको.

तर भावजयबाई, आमच्या दोघांचं काम असं होतं. नवा तारा जन्मतो तेव्हा त्याच्याभोवती वायूची आणि धुळीची एक चपटी चकती फिरत असते. तारा आकसत जातो, आणि आकसताना त्याने गरागरा फिरायला हवं. पण पुष्कळ तारे तसे फिरत नाहीत, संथच राहतात. माझं म्हणणं होतं की ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र चकतीत गुंततं आणि चकती त्याला धरून ठेवते. चकती विरली की तो सुटला. आता, तारा किती वेगाने फिरतो हे कळतं त्याच्यावरच्या डागांवरून. डाग समोर आला की उजेड जरा उतरतो, मागे गेला की चढतो. तुमचे हे डोंगरावर दुर्बिणीला बसून रोज ठरल्या वेळेला एक फ्रेम, म्हणजे आकाशाचा एक फोटो, घ्यायचे, मी खाली संस्थेत बसून ती मोजायचे. एका तारकागुच्छातले तेवीस तारे असे निघाले की चकती शाबूत आणि फेरी आठ दिवसांची. चकती गेलेले सगळे दोन दिवसांच्या आसपास. मधे कोणी नाही. इतकं स्वच्छ उत्तर त्याआधी कोणाला मिळालं नव्हतं. मी आज जी काही आहे ती त्या तेवीस ताऱ्यांवर उभी आहे.

बारक्या, आता तुझ्याशी. दुसऱ्या एका संस्थेतल्या एका मुलीचं पत्र आलंय. मी तिला चष्मेवाली म्हणते, कारण परिषदेत ती पहिल्या रांगेत बसून चष्मा कपाळावर ढकलते आणि नेमकं दुखतं तिथे बोट ठेवते. आपला गुच्छ ती पुन्हा मोजते आहे, पृथ्वीच्या दोन टोकांवरच्या दोन दुर्बिणींनी. तिला काही तारे पटत नाहीत. तिने नम्रपणे विचारलंय, एकाच रात्रीत दोनदा घेतलेल्या काही फ्रेम तुमच्याकडे आहेत का? तिचा निबंध जूनमध्ये बाहेर पडतोय.

तू संस्थेतून जाण्याआधी सतरा रात्रींच्या जास्तीच्या फ्रेम घेतल्या होत्यास. मी त्या कधी बघितल्या नाहीत, पण तू काही टाकून देणारा माणूस नाहीस, तुझ्याकडे असणारच. त्या पाठव. सगळ्या शोधायचा कंटाळा असेल तर निदान तिसऱ्या रात्रीची पहाटेची पाठव, तीच सगळ्यात स्वच्छ आहे. चूक असेल तर ती दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी मीच सुधारीन. तेवढा हक्क मला आहे.

ताई


१९ मार्च

बारक्या,

पंधरा दिवस झाले. तू अजून मूग गिळून बसलायस. तुझ्यासारख्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोन ओळी लिहायला वेळ नसतो की काय? बटण दाबलं की वर, बटण दाबलं की खाली, यात एवढं काय अडतं?

जाऊ दे. हे लिहायचं नव्हतं.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. ताईने नोकरी घालवली. अरे, मी घालवली? दुर्बिणीच्या खोलीबाहेर तो मोठा फळा होता ना, कोणाची वेळ कधी, तासातासाचा? पहाटे चार ते पाच धूमकेतूवाल्यांची. सलग सतरा पहाटे तू त्यांच्या वेळेतली दहा-दहा मिनिटं खाल्लीस. त्यांनी तक्रार केली, मी नाही केली. चौकशीत मला फक्त विचारलं आणि मी फक्त उत्तर दिलं. नियम सगळ्यांना सारखा. माझा भाऊ म्हणून मी पदर पसरला असता तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

आणि त्याआधी चहाच्या खोलीत तू चारचौघांत माझ्याशी वाद घातलास ते विसरलास? ‘ताई, एकेचाळीस नंबरचा तारा माझ्या डोळ्यांदेखत उतरतो. संध्याकाळी वेगळा असतो, पहाटे वेगळा.’ मी म्हणाले, तुझे डोळे म्हणजे मोजमाप नव्हे. तू म्हणालास, मग मोजून बघ. मी म्हणाले, तू फ्रेम घे, अक्कल मी लावते. धूमकेतूवाले फिदीफिदी हसले. तुझ्या हातात कप होता, तो तू अर्धा पिऊन बशीत उपडा केलास आणि गेलास. आईला मी हे सगळं सांगितलं होतं. तिने एवढंच विचारलं, ‘तो खोटं बोलत होता का?’ मी म्हणाले, आई, तुला यातलं कळत नाही.

फ्रेम पाठव. उपकार म्हणून नको, हिशेब म्हणून नको, काम म्हणून पाठव.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

काल तुझ्या बायकोचा फोन आला. ती इतकं हळू आणि इतकं गोड बोलली की मला आधी वाटलं दुसऱ्याच कोणाला लावलाय. म्हणाली, ‘ताई, तुमची दोन्ही पत्रं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते काही बोलत नाहीत. पण मला एक विचारायचंय. त्या फ्रेम तुम्ही कधी बघितल्याच नाहीत असं लिहिलंय. मग सगळ्यात स्वच्छ कुठली, हे तुम्हाला कसं कळलं?’

मी म्हणाले, बाई गं, तुला यातलं कळत नाही.

ती म्हणाली, ‘बरं.’ आणि फोन ठेवला.

ही बाई तू कुठून शोधून आणलीस?

ताई


५ एप्रिल

बारक्या,

तीन दिवस खोलीत येते आणि कपाटाकडे पाठ करून बसते. राखाडी लोखंडी कपाट, ज्याचं खालचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही ते. त्यात वरून दुसऱ्या खणात, जुन्या वार्षिक अहवालांच्या मागे, एक पाकीट आहे. पाकिटात पेनड्राइव्ह. त्यावर पांढरी पट्टी, पट्टीवर तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात ‘संध्याकाळ – पहाट’. चौकशीच्या आदल्या शुक्रवारी तू ते माझ्या दाराखालून आत सरकवलं होतंस. समोर येऊन दिलं नाहीस, कारण चहाच्या खोलीनंतर तू माझ्याशी बोलत नव्हतास.

ते मी त्याच दुपारी उघडलं. दार आतून लावून घेतलं आणि उघडलं.

आता भावजयबाईंनाही कळू दे की आम्ही काय घोळ घातला होता. समजा, एक मुलगा मैदानाला फेऱ्या मारतोय. तुम्ही रोज संध्याकाळी सातला गच्चीत येता, एकदा बघता आणि आत जाता. आज तो फाटकापाशी दिसला. उद्या फाटकाच्या जरा अलीकडे. परवा अजून जरा अलीकडे. आठ दिवसांनी पुन्हा फाटकापाशी. तुम्ही वहीत लिहिता, हा मुलगा फारच संथ, एका फेरीला आठ दिवस घेतो. खरं म्हणजे तो सपाटून पळतोय. रोज जवळजवळ एक फेरी पुरी करतो, फक्त आठवा हिस्सा कमी पडतो, आणि तुम्हाला तेवढा कमी पडलेला तुकडाच दिसतो. सुटायचा उपाय पोरासोरांना सुचेल असा आहे: दिवसातून दोनदा गच्चीत या.

तू दोनदा आलास. मी एकदाच येत राहिले, कारण वेळापत्रकात आम्हाला एकच वेळ मिळाली होती आणि एका वेळेत माझं उत्तर इतकं सुंदर येत होतं.

तिसऱ्या रात्रीची पहाटेची फ्रेम खरंच फार स्वच्छ आहे. एकेचाळीस नंबर संध्याकाळी सातला जेवढा होता, त्यापेक्षा पहाटे चारला दहा टक्क्यांनी उतरलेला. नऊ तासांत. आठ दिवसांत एक फेरी घेणारा तारा नऊ तासांत जेमतेम हलतो, त्याचा उजेड असा उतरूच शकत नाही. त्याची फेरी होती साडेसत्तावीस तासांची. मग मी बाकीचे बघितले. तेविसातले नऊ तसेच. नऊच्या नऊ चकती असलेले, आणि चकती असून भन्नाट फिरणारे. म्हणजे चकती धरून ठेवते हे माझं म्हणणं पार खोटं नव्हतं, पण ते स्वच्छ नव्हतं. चकती असलेले सगळे आठ दिवसांचे, हे तर साफ चूक होतं. माझा निबंध तेव्हा छपाईला गेलेला होता. थांबवायला एक फोन पुरला असता.

पेनड्राइव्ह पुन्हा पाकिटात घातला. पाकीट अहवालांच्या मागे ढकललं. आणि मी सोमवारी चौकशीला गेले.

समितीतले तिघंही वाईट माणसं नव्हती. त्यांना तुला सोडायचंच होतं. अध्यक्षांनी मला मुद्दाम समजावून विचारलं, ‘बाई, या जास्तीच्या फ्रेम तुमच्या प्रकल्पाच्या उपयोगाच्या होत्या का? असतील तर आपण समज देऊन प्रकरण मिटवू. नसतील तर मात्र हा नुसताच मनमानी कारभार ठरतो.’ हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग दाखवा काय निघालं त्यातून.

मी म्हणाले, ‘नाही. त्या निरुपयोगी आहेत.’ लिहूनही दिलं. तू समोर बसला होतास. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग टेबलाकडे बघत राहिलास. ‘ताईला मी स्वतः दिल्यात, तिला विचारा तिने उघडल्यात का’ एवढंच तू म्हणायचं होतंस. का नाही म्हणालास? या एका गोष्टीचा मला तुझा राग आहे, आणि तो अकरा वर्षं मी नीट सांभाळलाय, कारण तो नसता तर दुसरं काहीतरी सांभाळावं लागलं असतं.

फ्रेम तुझ्याकडून का मागवल्या ते आता तुला कळलं असेल. तुझ्याकडून आल्या असत्या तर त्या ‘सापडल्या’ असत्या. चूक झाली, उशिरा कळली, कळताच सुधारली. अशी चूक कोणाचीही होते. माझ्या कपाटातून निघाल्या तर ती चूक राहत नाही.

ताई


२८ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, ओळ. ‘माझ्याकडे काही नाही. एकच प्रत होती, ती तुला दिली होती.’ खाली सहीसुद्धा नाही. वाणसामानाच्या यादीला तू याहून जास्त शब्द खर्च करत असशील.

म्हणजे दुसरी प्रतच नव्हती. सतरा पहाटे जागलास, नोकरी पणाला लावलीस आणि जे हाती आलं ते सगळंच्या सगळं माझ्या दाराखालून सरकवलंस. शहाण्या, निदान एक प्रत तरी स्वतःकडे ठेवायची! परक्या माणसाशी वागताना कोणी इतका गाढवपणा करत नाही. बहीण म्हणून केलास.

ऐक. मी फ्रेम घेऊन संचालकांकडे गेले. दुरुस्तीचा लेख लिहिलाय, चारच पानं. नऊ तारे, नवे काळ, जुना निष्कर्ष मागे. लेखक दोन: पहिला तू, दुसरी मी. संचालक म्हणाले, बडतर्फ माणसाचं नाव पहिलं कसं? मी म्हणाले, काम त्याचं आहे. ते म्हणाले, बघा बाई, नाहीतर भलतंच शुक्लकाष्ठ मागे लागायचं. मी म्हणाले, लागू दे. सोबत लेख आणि संमतीचा फॉर्म आहे. नियतकालिकाचा नियम आहे, प्रत्येक लेखकाची सही लागते. खुणा केल्यात तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव.

मला वाटतं, तुला बरं वाटेल. न वाटलं तरी कर.

ताई


२० मे

बारक्या,

फॉर्म परत आला, कोरा. लेखही परत आला. पहिल्या पानावर चौथ्या ओळीत पेन्सिलीने एक रेघ. ‘या फ्रेम अलीकडे उपलब्ध झाल्या’ या वाक्याखाली. बाकी चार पानांत कुठे एक टिंब नाही.

मी दिवसभर चिडचिड केली. शिपायावर खेकसले, खिडकी आपटली. ‘अलीकडे उपलब्ध झाल्या’. काय वाईट आहे त्यात? सगळे असंच लिहितात. तुला सगळं कबूल केलं, पाच एप्रिलला, पानंच्या पानं भरून. आता ते चव्हाट्यावरही मांडायचं का? माझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, बारक्या.

मग काल संस्थेत माझं व्याख्यान झालं. दुरुस्तीवर. तुझी सही नाही म्हणून पडद्यावर एकटीचं नाव. मी नऊ तारे दाखवले, माझं अकरा वर्षांपूर्वीचं चित्र दाखवलं, त्यावर फुली मारली, आणि ‘अलीकडे उपलब्ध झालेल्या फ्रेम’ असं म्हणाले. बारक्या, लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. ते धूमकेतूवाले, आता टक्कल पडलेले, येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, ‘बाई, इतका प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळत नाही.’ चष्मेवाली मुद्दाम आली होती. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, मला तुमच्यासारखं व्हायचंय.

तुझ्या फ्रेम निरुपयोगी म्हणून मी मोठी झाले आणि त्याच उपयोगी म्हणून आणखी मोठी झाले. दोन्ही वेळेला तू बाहेर. स्वच्छतागृहात जाऊन मी तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघितलं, तर मला माझी शिसारी आली. हे मी अलंकारिक लिहीत नाही. खरंच उलटी झाली.

ताई


६ जून

बारक्या,

चौथ्या ओळीतलं वाक्य काढलं. त्याच्या जागी हे घातलं: ‘या फ्रेम माझ्या निरीक्षकाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या जबाबदारीवर घेतल्या आणि मूळ निबंध छापला जाण्याआधी माझ्याकडे दिल्या. मी त्या त्याच दिवशी तपासल्या. त्यातून माझा निष्कर्ष चुकतो हे मला समजलं होतं. चौकशी समितीपुढे मी त्यांना निरुपयोगी म्हटलं, ते खोटं होतं.’ लेखक म्हणून तुझं नाव घालता आलं नाही, पण या वाक्यांना तुझी सही लागत नाही. नियतकालिकाने दोनदा विचारलं, हे छापायचंच का? दोनदा हो कळवलं. काल छापून आलं.

आज सकाळी संचालकांनी खोलीची किल्ली मागून घेतली. चष्मेवालीने पत्र पाठवलंय, त्यात मायना नाही. शिपाई मात्र चहा घेऊन आला आणि पहिल्यांदाच न विचारता खुर्ची ओढून बसला.

तुझी माफी मागत नाही. मागितली की द्यायची की नाही हे तुला ठरवावं लागणार, आणि आणखी एक काम तुझ्या गळ्यात घालायला माझी जीभ रेटत नाही. मी तुझं वाटोळं केलं. समजून उमजून केलं. मला तुझी फार आठवण येते, तेही सांगून टाकते, त्याला काही उत्तर नको.

हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे. आता चौकशी माझी आहे. सोमवारी. तुला साक्षीला बोलावणं येईल, बहुतेक उद्याच. त्यांना कागदावर लागेल असं एकच आहे, त्यामुळे एकच प्रश्न विचारतील: चौकशीच्या आधी तुम्ही या फ्रेम स्वतः ताईंना दिल्या होत्या का? संचालक माझ्या कानात सांगून गेलेत की भावाने ‘नीट आठवत नाही’ म्हटलं, तर प्रकरण ढिलं पडेल. बाई थकल्यात, मनाला लावून घेऊन भलतंच लिहून बसल्या, असं म्हणता येईल. निवृत्ती सुखरूप होईल.

तू तसं म्हणशील, बारक्या. मी तुला ओळखते. मागच्या वेळेला तू गप्प बसलास ते मला वाचवायलाच, हे मला त्या टेबलापाशीच कळलं होतं, आणि तेवढंच मी आजवर कुठेच कबूल केलं नाही. तेव्हा मी तुला वाचवू दिलं. या वेळेला हात जोडते, वाचवू नकोस. माझ्या डोळ्यांत बघ आणि ‘हो, दिल्या होत्या’ म्हण. शिव्या घालायच्या असतील तर त्याही घाल, अध्यक्ष भले गृहस्थ आहेत, ऐकून घेतील.

अकरा वाजता, दुसरा मजला. दहा मिनिटं आधी येऊन बस, तिथे उशीर चालत नाही.

ताई